समुद्राकडून घाटावर, सीमा ओलांडून: तुमचे रस्ते, तुमच्या आठवणी

वेंगुर्लेकरीण
दसरा झाला म्हणून आईच्या साड्यांना ऊन दाखवायला काढल्या. शालूच्या घडीत मधोमध वाटीएवढा तुपकट डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "तो कुंद्याचा. पाठवणीचा."

आईचं माहेर बेळगाव. १९६९ साली लग्न होऊन आंबोली घाटाने एसटीतून वेंगुर्ल्याला आली. ट्रंक टपावर, ट्रंकेत शालू, शालूवर कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा. वर थंडीत घट्ट बसलेला कुंदा सावंतवाडीला उतरेपर्यंत कडेने पाझरला होता. सासरी पहिल्या दिवशी ही गोष्ट कुणाला सांगायची, म्हणून तिने शालू तसाच घडी घालून ठेवला. छप्पन्न वर्षांनी मला सांगितलं.

तिचा जन्म १९४८ चा, तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा ती आठ वर्षांची. तिच्या तोंडी अजून "वर जाते" असतं, "कर्नाटकात जाते" कधीच नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला गाडीने न्यायचं ठरवलंय. धाकटा भाऊ चालवणार. आंबोलीमार्गे सरळ गेलं तर साधारण सव्वाशे किलोमीटर. पण मला तिला दोन दिवस घेऊन सावकाश न्यायचंय, समुद्र सुटतो कुठे आणि गार वारा लागतो कुठे ते तिला खिडकीतून बघता येईल असं. तिलारी की चोर्ला की आंबोलीच? तुम्ही समुद्राकडून घाटावर, सीमा ओलांडून कुठेही गेला असाल तर लिहा.

शिरोड्याचो
आवशीक म्होरच्या सीटवर बसवा. मागे बसल्यार घाटात गरगरता. हातात लिंबू द्या. आमच्या शिरोड्यावरना जाशात तर मिठागरां दाखवा, १९३० चो सत्याग्रह थंयच झालेलो.

हिंडलगा
बेळगावची आहे, म्हणून लगेच लिहिते. आंबोलीच हो, दुसरा विचार नको. आमच्याकडे त्या रस्त्याचं नावच वेंगुर्ला रोड. रेल्वे यायच्या आधी गावाचा माल त्याच बंदरातून यायचा. पाटणे फाटा, शिनोळी, पुढे बाची आली की पाट्या कन्नडमध्ये सुरू होतात. माणसं तीच असतात, बोलणंही तेच. आई कुठल्या गल्लीतल्या?

वेंगुर्लेकरीण
@हिंडलगा अनसूरकर गल्ली!

हिंडलगा
अगंबाई! माझी मावशी तिथलीच. निरोप धाडते तुम्हाला.

पायलट_काका
मी ट्रक चालवलाय त्या पट्ट्यात. तिलारी घाट अरुंद आहे, चढ उभा, वळणं आवळ. भावाला घाटाची सवय नसेल तर म्हातारं माणूस घेऊन तिकडून नको. आंबोली उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ब्रेक तापून धरेनासे होतात. धुकं लागलं तर दिव्यांचा अप्पर मारायचा नाही, समोर पांढरी भिंतच उभी राहते. डिप्परवर ठेवा आणि डावीकडचा कठडा धरून चला. डिसेंबरात पावसासारखं धुकं नसतं, तरी पहाटे असतं. दहानंतर निघा.

सई_पणजी
चोर्ल्याने जाणार असाल तर एक सांगते. केरी दोन आहेत. एक पेडण्यातलं, समुद्रावरचं, जिथून तेरेखोलची फेरी सुटते. दुसरं सत्तरीतलं, अंजुणे धरणाजवळचं, तिथून चोर्ला घाट लागतो. आम्ही फोनवर नुसतं केरी टाकलं, गप्पांत लक्ष नव्हतं, आणि दीड तासाने समोर फेरीबोट. सासूबाईंना साखरेचा त्रास, जेवणाची वेळ टळलेली. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा पोटात गोळा आला माझ्या. एका घरातल्या बाईंनी काही न विचारता पेज आणि खारातली कैरी दिली. तेव्हापासून गाडीत डबा आणि गूळ असल्याशिवाय मी निघत नाही.

योग्य केरीने गेलं तर वर कणकुंबी लागतं. तिथे मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे. आईंना फार आवडेल.

निनाद७
हो! मलप्रभा कणकुंबीला आणि हिरण्यकेशी आंबोलीला. दोन्ही आपल्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात. आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आसपास, समुद्र तिथून हवेतल्या हवेत किती जवळ, तरी ते पाणी शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. हिरण्यकेशीच्या गुहेशी उभं राहून आईंना हे सांगा.

मनीषा_डोंबिवली
डाग गेला का पण? टाल्कम पावडर लावून रात्रभर ठेवा, तूप ओढून घेते. जुन्या डागाला गॅरंटी नाही.

वेंगुर्लेकरीण
@मनीषा_डोंबिवली आई काढू देत नाहीये. राहू दे म्हणते.

कोडीबागकर
आमचं कारवार, म्हणजे आमची रोजचीच सीमा. पोळे नाक्याच्या अलीकडे माजाळी, पलीकडे गोवा. आजीला घेऊन दर वर्षी शिरसीला मारिकांबेला जायचो. काळी नदीचा पूल, अंकोला, कुमठा, मग देवीमनेचा घाट. वर सुपारीच्या बागा सुरू झाल्या की आजी काच खाली करायला लावायची. काळीचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला रात्री कोसळला. ट्रक नदीत गेला, चालकाला वाचवलं. त्या पुलावरून आजी गेलेली, तिच्या मांडीवर मी. सकाळी उठून बघायला गेलो, बराच वेळ कुणी बोललंच नाही. त्याच्या तीन आठवडे आधी अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळलेली. म्हणून कळकळीने सांगतो, निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या कुणाला तरी फोन करून रस्ता विचारा. नकाशात सगळे रस्ते चालूच दिसतात.

शारजाहून
इथे आम्ही तेच करतो, फक्त सीमा देशाची. ओमानमध्ये जबल अखदरला गेलो होतो एप्रिलमध्ये, गुलाबाच्या हंगामात. भाड्याची गाडी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं आणि ओमानचा वेगळा विमा. बिरकत अल मोझला पोलीस गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे का बघूनच वर सोडतात. वर दोन हजार मीटरवर अंगात स्वेटर, आणि दगडी पायऱ्यांच्या वाफ्यांत गुलाब. बायको म्हणाली, आंबोलीसारखं गार आहे. ती सावंतवाडीची. मग हॉटेलवर जाईपर्यंत रडली.

सई_पणजी
@शारजाहून 💛

पायलट_काका
कागदांवरून आठवलं. स्वतःची गाडी असेल तर लायसन्स, आरसी बुक, विमा, पीयूसी एवढं पुरे. गोव्यातून भाड्याने घेणार असाल तर राज्याबाहेर न्यायची परवानगी आधी लिहून घ्या. आणि गोव्यातून बाटली आणू नका, नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आईसमोर ते नको.

हिंडलगा
मावशीचा फोन आला! तिला आठवतंय, लग्नानंतर सगळी मुलं एसटी स्टँडवर पोचवायला गेली होती. टपावर ट्रंक चढवली तेव्हा कुणीतरी ओरडलं, डबा आडवा ठेवू नका. मी तर बसूनच राहिले ऐकून.

वेंगुर्लेकरीण
आईला वाचून दाखवलं. आधी गप्प बसली. मग म्हणाली, "ती आमची सुमी ओरडली."
@हिंडलगा मावशी कोण?

हिंडलगा
सुमीच.

वेंगुर्लेकरीण
ठरलं. जाताना आंबोली, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दहानंतर निघून शिनोळीवरून बेळगाव. येताना तब्येत असेल तर कणकुंबी. मावशींना सांगा, ६ तारखेला दुपारच्या जेवणाला.

शिरोड्याचो
येताना कुंदो हाडा. डबो उभो ठेवा!