मदत हवी आहे: पिझ्झा स्टोनवर मधल्या दोनच रोट्या फुगतात, बाकीच्या का नाही?

मंडळी, गेले तीन रविवार ओव्हनसमोर उकिडवी बसून काढलेत. आता माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून त्यावर भाजायचा सपाट दगड, कॉर्डिएराइटचा (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकचा) आहे, साधारण दीड सेंटिमीटर जाड. त्यावर यीस्ट घातलेल्या, पिटासारखी पोटात पोकळी धरणाऱ्या रोट्या करायच्या आहेत. प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम आणि चमचाभर तेल. मळून दीड तास झाकून ठेवते. दुप्पट झालं की शंभरेक ग्रॅमचे आठ गोळे करते. ओव्हन २५० अंशांवर, त्यापुढे तो जातच नाही. प्रीहीटचा दिवा विझला की लगेच सुरुवात. मधे खोळंबा नको म्हणून आठही रोट्या आधीच लाटून ओट्यावर मांडून ठेवते. निदान ही तयारी तरी माझी चोख असते!

आता गंमत बघा. पहिल्या दोन पांढुरक्या, चपट्या निघतात आणि भाजायला वेळही खूप घेतात. तिसरी आणि चौथी मात्र अशा टम्म फुगतात की काचेला नाक लावून बघत बसावं. पाचवीपासून परत रडगाणं. एका कडेला फोड आल्यासारखा फुगवटा, बाकी सपाट आणि वातड. शेवटच्या दोन तर खालून काळ्या, चवीला कडू. कणीक तीच, लाटणं तेच, हातही माझाच.

यीस्ट वाढवून पाहिलं, काही फरक नाही. पाणी ३५० ग्रॅमपर्यंत नेलं तर रोटी अर्धी स्टोनवर आणि अर्धी फळीला चिकटलेली, मधे लोंबकळतेय. तो प्रकार पुन्हा करणार नाही.

आणि एक कबुली. मागच्या खेपेला जळकं पीठ पुसायला तापलेल्या स्टोनवर ओलं फडकं फिरवलं. 'टक्' असा आवाज आला आणि आता कडेपासून आत बोटभर लांबीची केसासारखी भेग दिसतेय. वापरू की फेकू?

प्रतिसाद

यीस्ट कमी करून बघा. जास्त आंबलं की बसतं.

प्रतिसाद

यीस्टच्या मागे लागू नका. बिनयीस्टची रोटीसुद्धा फुगतेच की. पोकळी होते ती वाफेने. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. वरचा आणि खालचा पापुद्रा पटकन धरला, पण अजून ताणला जाण्याइतका मऊ असला, तर ती वाफ दोघांना मधून सोडवते. कुठे बारीकशी चीर असली की तिथून निसटते. तुमचा तो एका कडेचा फोड म्हणजे तेवढ्याच भागात वाफ अडकली.

खरं तर तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. दिवा विझतो तेव्हा ओव्हनमधली हवा २५० ला पोचलेली असते, दगड नाही. दीड सेंटिमीटरचा दगड आतपर्यंत तापायला पाऊण ते एक तास द्या. पहिल्या दोन रोट्या भाजेपर्यंत तो हळूहळू तापत गेला, म्हणून तिसरी फुगली. त्यात तिसरीचं काही कर्तृत्व नाही.

पाचवीची गोष्ट वेगळी. तोवर ती ओट्यावर उघडी पडून अर्धा तास झालेला असणार. बोट फिरवून बघा, वरची साल कागदासारखी लागेल. अशी साल ताणली की फुटते. लाटल्यावर दहा मिनिटं विसावा चांगलाच, पण फडक्याखाली. आणि एकदम आठ लाटू नका, दोन-दोन लाटा. त्या चोख तयारीनेच घात केलाय!

काळं पडतं ते पिठीमुळे. प्रत्येक रोटी आपली पिठी दगडावर सोडून जाते, ती करपते आणि पुढचीच्या बुडाला लागते. फळीवर ठेवण्याआधी रोटी दोन हातांवर आलटून पालटून झटका आणि दोन रोट्यांच्या मधे कोरड्या ब्रशने दगड झाडा. त्या निमित्ताने चारेक मिनिटं जातात, तेवढ्यात दगडाचा पृष्ठभाग परत तापतो. लागोपाठ टाकत गेलात तर तोही थंडावत जातो.

प्रतिसाद

भेगेबद्दल: फेकू नका. माझ्या दगडाचे तर दोन तुकडे झालेत, जोडून ठेवते आणि खुशाल भाजते. फक्त गरम असताना हलवू नका, आणि नेहमी थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हनबरोबरच तापवा. पाणी कधीच नाही, साबण तर नाहीच. दगड सच्छिद्र असतो, वास धरून ठेवतो. काळे डाग राहू देत, त्यांनी काही बिघडत नाही. तेलही चोळू नका, घरभर धूर होतो.

रोटी वरून पांढरी राहत असेल तर दगड वरच्या कप्प्यात सरकवा.

धागाकर्ती

आज करून पाहिलं. ओव्हन तासभर तापवला (बिलाचा विचार बाजूला ठेवून). दोन-दोनच लाटल्या, ४ मिलिमीटरच्या आसपास, आणि बाकीचे गोळे ओलसर फडक्याखाली झाकून ठेवले. पहिलीच रोटी दीड मिनिटात फुगायला लागली! आधी पाच-सहा बारीक फुगे आले, मग ते एकमेकांत मिसळले आणि सगळी रोटी एकदम उचलली गेली. तीन मिनिटांत बाहेर. काढल्या काढल्या फडक्यात गुंडाळल्या, त्यामुळे कडक झाल्या नाहीत.

आठपैकी सात फुगल्या. राहिलेली एक स्टोनवर सरकवताना दुमडली होती, ती बोटाने सरळ करायला गेले आणि नखाने भोक पडलं. कारण डोळ्यांदेखत घडलेलं, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार नाही. भेग आहे तेवढीच आहे.

आता एवढंच सांगा: उरलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवली आहे. उद्या गोळे थंडच लाटायचे, की आधी बाहेर काढून ठेवायचे?

प्रतिसाद

गोळे करून तासभर झाकून बाहेर ठेवा. थंड असताना लाटलं तर कणीक आखडते, मग जोर लावला जातो आणि रोटी कुठे जाड कुठे पातळ होते. नखं मात्र कापा.