जेफ मॅथिस: १७ हंगाम, सरासरी .१९४. जागा कमावली की अडवली?

फाउलटिप
मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) २००५ ते २०२१ अशी तब्बल सतरा वर्षं खेळलेल्या जेफ मॅथिस या कॅचरची (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) बॅटिंगची सरासरी .१९४ आहे. बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगतो: .३०० म्हणजे उत्तम, .२५० चालून जातं, आणि .२०० च्या खाली रेंगाळणाऱ्याला बहुतेक संघ नारळ देतात. मॅथिस मात्र एंजल्स, टोरांटो, मायामी, अ‍ॅरिझोना, टेक्सास, अटलांटा असे सहा संघ फिरला आणि प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला पैसे मोजून घेतलं. माझ्या मते तो टिकला कारण आपल्या कामात तो फार वरचा होता, आणि ते काम धावफलकावर दिसत नाही.

फ्रेमिंगचंच बघा, म्हणजे अंपायरने स्ट्राइक द्यावा अशा बेताने चेंडू झेलण्याचं. गुडघ्याच्या रेषेवर येणारा चेंडू कच्चा कॅचर वरून झेलतो. चेंडूच्या जोराने मिट (कॅचरचा हातमोजा) आणखी खाली जातो आणि अंपायर 'बॉल' (बॅटरच्या फायद्याचा निकाल) म्हणून मोकळा होतो. मुरलेला कॅचर मिट आधीच जमिनीलगत नेऊन ठेवतो आणि खालून वर येत चेंडू घेतो. हलतं ते फक्त मनगट. चेंडू तोच, निकाल 'स्ट्राइक' (असे तीन झाले की बॅटर बाद). एक बॉल, एक स्ट्राइक अशी स्थिती असताना असा एक चेंडू पदरात पडला की बॅटर दोन स्ट्राइक खाली जातो आणि पुढचा सगळा डाव पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातात येतो. एका सामन्यात कॅचर असे कित्येक चेंडू घेतो. २००८ च्या सुमारास प्रत्येक चेंडूची जागा कॅमेऱ्याने टिपली जाऊ लागली आणि हे मोजता आलं. तोवर मॅथिसची गणना निव्वळ न मारणाऱ्यांत होत होती.

निव्वळ_आकडे
साफ असहमत. तुम्ही माइक नापोलीचं नावही घेतलं नाहीत. त्याच्याशिवाय मॅथिसची गोष्ट सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट.

एंजल्सकडे एकाच वेळी दोन कॅचर होते. नापोलीने २०१० मध्ये २६ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, त्या वर्षी मॅथिसची सरासरी .१९५. व्यवस्थापक माइक सोशा स्वतः डॉजर्सचा कॅचर होता. त्याला मॅथिसचं झेलणं आवडायचं, नापोलीचं खटकायचं. जानेवारी २०११ मध्ये एंजल्सने नापोलीला टोरांटोला दिलं आणि बदल्यात व्हर्नन वेल्सला घेतलं, त्याच्या चार वर्षांच्या, ८ कोटी डॉलरहून मोठ्या करारासकट. टोरांटोने नापोलीला चारच दिवसांत टेक्सासकडे पाठवलं, म्हणजे एंजल्सच्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याकडे.

पुढे काय झालं? नापोली .३२०, ३० होमरन, वर्ल्ड सिरीजमध्ये (विजेतेपदाची मालिका) सात सामन्यांत १० धावा त्याच्या बॅटवर. मॅथिस .१७४. टेक्सास गटात पहिले, एंजल्स दहा सामने मागे. फ्रेमिंगने वाचलेल्या धावांनी हा खड्डा भरतो असं कोणी मला आकडे मांडून दाखवावं.

मधुरा_ओहायो
आकडेच हवेत तर २००९ ची अमेरिकन लीगची अंतिम मालिका बघा. समोर यँकीज. मॅथिसने १२ पैकी ७ हिट मारल्या, त्यात पाच डबल (दोन बेस मिळवून देणाऱ्या हिट). तिसऱ्या सामन्यात अकराव्या इनिंगमध्ये त्याच्याच डबलवर हॉवी केंड्रिकने धाव पूर्ण केली आणि एंजल्स ५-४ जिंकले.

निव्वळ_आकडे
मधुराताई, बारा वेळा बॅट घेतली त्याचं काय घेऊन बसलात? सतरा वर्षं समोर आहेत. शिवाय ती मालिका यँकीजने ४-२ अशी जिंकली. क्रिकेटमध्येही निव्वळ कीपर म्हणून संघात राहायचे दिवस गिलख्रिस्ट आणि धोनीनंतर गेले. बेसबॉलने तेवढी सूट का द्यावी?

मधुरा_ओहायो
कारण काम वेगळं आहे. कीपर गोलंदाजाला प्रत्येक चेंडू कुठला टाकायचा ते सांगत नाही, कॅचर सांगतो. विसाव्या वर्षी वर आलेल्या पोराचा स्लायडर (वळणारा चेंडू) आज वळत नाहीये हे आधी कॅचरला कळतं. मग उरलेल्या दोन प्रकारच्या चेंडूंवर पाच इनिंग कशा काढायच्या हेही तोच ठरवतो. या शिदोरीवर पुढे काय होतं ते बघा. केव्हिन कॅश, कॅचर, सरासरी .१८३, पुढे टॅम्पा बेचा व्यवस्थापक, संघ २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये. ब्रूस बोची, जवळजवळ कायम राखीव कॅचर, व्यवस्थापक म्हणून चार वर्ल्ड सिरीज. स्टीफन व्होट २०२२ ला निवृत्त झाला आणि २०२४ ला वर्षाचा सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला. या माणसांना खेळ कळतो हे क्लब ओळखून आहेत.

बसमधला_कॅचर
वादाची तिसरी बाजू कोणी घेत नाहीये म्हणून लिहितो. संघात कॅचरच्या जागा साधारण दोनच. मॅथिसला त्या का मिळत राहिल्या? २००१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात ती प्रक्रिया) त्याची निवड ३३ वी, पहिल्या फेरीतली. २२ व्या वर्षी तो मेजरमध्ये.

आता एरिक क्रॅट्झ घ्या. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका छोट्या कॉलेजातून आलेला, २००२ मध्ये २९ व्या फेरीत निवडलेला. मेजरमधला पहिला सामना जुलै २०१० मध्ये, वय ३० पूर्ण. मधली आठ वर्षं मायनर लीगच्या (मेजरखालच्या लीग) बसमध्ये. २०१० मध्ये मेजरचं किमान वेतन ४ लाख डॉलर होतं. मायनरची सर्वांत वरची पायरी असलेल्या ट्रिपल-ए मध्ये तर २०२२ मध्येही किमान वार्षिक वेतन साडेसतरा हजारांच्या घरात होतं. मायनरच्या खेळाडूंची संघटना झाल्यावर, २०२३ च्या करारात, ते ३५,८०० वर गेलं. क्रॅट्झही झेलण्यात पक्का होता. २०१८ मध्ये ३८ व्या वर्षी मिलवॉकीकडून पहिल्यांदा प्लेऑफ खेळला आणि कोलोराडोविरुद्ध ८ पैकी ५ हिट मारल्या. ऑगस्ट २०२० मध्ये यँकीजच्या २१ वर्षांच्या देवी गार्सियाने पदार्पणात सहा इनिंग टाकल्या तेव्हा त्याच्यासमोर चाळिशीचा क्रॅट्झ बसला होता.

कौशल्य दोघांकडे होतं. एकाला नावामुळे वीसदा संधी, दुसऱ्याला दारात आठ वर्षं. मॅथिसच्या सतरा वर्षांचं कौतुक करताना ही किंमत कोणी मोजली ते सांगा.

फाउलटिप
बसमधला_कॅचर, पगाराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ती लाजिरवाणी व्यवस्था होती आणि उशिरा बदलली. पण पहिल्या फेरीचं पुण्य फार तर तिशीपर्यंत पुरतं. टेक्सासने मॅथिसला दोन वर्षांचा करार दिला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. तेव्हा ड्राफ्ट कोणाच्या लक्षात असतो?

निव्वळ_आकडे
आणि त्या कराराच्या पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याची सरासरी .१५८. बरं, तुमचं फ्रेमिंगही संपत आलं. २०२६ पासून चेंडूच्या निकालावर यंत्राकडे दाद मागता येते. मनगटाने मिळवलेला स्ट्राइक बॅटर हेल्मेटवर टॅप करून परत घेईल. मुळात जो चेंडू स्ट्राइक नाही तो स्ट्राइक म्हणून खपवणं याला मी कौशल्य म्हणायला तयार नाही.

फाउलटिप
'खपवणं' हा शब्द चुकीचा वाटतो. रेषेवरचा खरा स्ट्राइक वाईट झेलण्यामुळे हातचा जातो, तो राखणं हेही फ्रेमिंगच. आणि प्रत्येक संघाला सुरुवातीला दोनच दाद आहेत, चुकली की गेली. ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर मागू शकतो, तीही डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) न बघता, लगेच. चेंडू सर्वांत जवळून बघतो तो कॅचर. दुसऱ्या इनिंगमध्ये दाद उडवायची की नवव्यासाठी राखायची हा निर्णय मी तरी मॅथिससारख्याच्या हाती देईन.

राहिला नापोली. तो सौदा भयंकर होता, मान्य. पण २०१० च्या मे महिन्यात होमरन साजरा करताना केंड्रिस मोरालेसचा पाय मोडला, त्यानंतर नापोलीच पहिल्या बेसवर उभा राहायचा. म्हणजे दोघं एकाच सामन्यात खेळू शकत होते, खेळलेही. मॅथिसला झेलायला बसवायचं म्हणून नापोलीला विकायची काही गरज नव्हती. तो हिशेब एंजल्सच्या कार्यालयाकडे मागा.