रविवारी तीन सॅम्पल फ्लॅट पाहिले, पलंगावर ह्यांचे पाय मावेनात

फळा_डस्टर:

नमस्कार मंडळी. घर घेणाऱ्यांनी आणि घेऊन पस्तावलेल्यांनी, दोघांनीही सल्ला द्यावा.

मी निवृत्त शिक्षिका. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. आम्ही दोघं कर्वेनगरला ६१० चौरस फुटांत राहतो आणि मजेत आहोत. मुलगा-सून श्टुटगार्टला असतात. दोन वर्षांत परत यायचं म्हणतात. त्यांना म्हाळुंगे-बालेवाडीच्या बाजूला चार बेडरूमचा फ्लॅट हवाय. बजेट ऐकून ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. मुलाने तिकडे बसून कॉम्प्युटरवर सगळी घरं गोल गोल फिरून पाहिली आहेत. म्हणाला, "आई, तू फक्त एकदा डोळ्यांखालून घाल, मग बुकिंग करू." म्हणून परवाच्या रविवारी आम्ही तीन ठिकाणी गेलो.

पहिल्या ठिकाणी गेटपासून ऑफिसपर्यंत बॅटरीच्या गाडीतून नेलं. अंतर आमच्या सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत असेल तेवढं. आत थंडगार हवा, मोगऱ्याचा कुठलासा वास, कॉफी हवी की ग्रीन टी. मग काचेखाली ठेवलेली टॉवरची प्रतिकृती. तिच्यात तळं, झाडं, बोटाच्या पेराएवढी माणसं. ह्यांनी विचारलं, या माणसांच्या दुचाक्या कुठे आहेत? पोरगा हसला. नेव्ही ब्लू कोट घातलेला, नम्र मुलगा, मला 'मॅम' म्हणत होता.

सॅम्पल फ्लॅट मागच्या शेडमध्ये बांधलेला. खरं सांगते, आत पाऊल टाकलं आणि मीही हरखले. हॉल केवढा! स्वयंपाकघराच्या मधोमध संगमरवरी ओटा, वर तीन दिवे लोंबतायत, ओट्यावर काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं. (प्लॅस्टिकची. मी दाबून पाहिली.)

माझ्या पर्समध्ये मोजपट्टी असते. कापड घ्यायला जाताना लागते म्हणून ठेवते. ती काढली आणि मास्टर बेडरूम मोजली. माहितीपत्रकात १३ फूट बाय साडेपंधरा लिहिलं होतं. मोजली तर १३ बाय साडेपंधराच! इंचाचाही फरक नाही. मला चोर सापडेल असं वाटलं होतं, सापडला नाही. तेवढ्यात हे पलंगावर आडवे झाले. आमचे हे पाच फूट दहा इंच. पावलं गादीच्या बाहेर. मी पलंग मोजला: लांबी पाच फूट नऊ इंच, रुंदी पाच फूट. आमच्या घरचा सहा बाय साडेसहा आहे. मग कपाट उघडलं, आत जेमतेम अठरा इंच खोल. त्यात शर्टाचा हँगर आडवा मावणार नाही. पोरगा तोवर 'मॅम'वरून 'काकू'वर आला होता.

दुसऱ्या ठिकाणी चौथी बेडरूम काचेची केली होती. त्यामुळे हॉलमधून आरपार दिसतं आणि हॉल दीडपट वाटतो. ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्यांच्या जागेत, बांबू, एक उंच स्टूल आणि कॉफीचा मग. वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं, विचारलं. "मॅम, दॅट विल बी ॲज पर युअर चॉइस." माझ्या चॉइसचा नळ कुठे आहे ते मात्र सांगता आलं नाही. कामवालीसाठी म्हणून जी खोली दाखवली, तिला खिडकी नव्हती. मी तिथेच सुनेला सांगायचं ठरवलं की ही खोली मला दाखवल्याबद्दल वाईट वाटलं.

तिसऱ्या ठिकाणी मात्र इमारत पूर्ण होती. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला यायची सरकारी परवानगी) आलेलं, सातव्या मजल्यावरचा खराखुरा फ्लॅट सजवून ठेवलेला. तो लहान वाटला. ह्यांना आवडला नाही. मला खात्री नाही की तो लहान होता.

गणित असं: दुसऱ्या ठिकाणचं कार्पेट क्षेत्रफळ १६४० चौरस फूट, किंमत ३ कोटी ४० लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी १७ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क २३ लाख ८० हजार, नोंदणी ३० हजार. एकूण ३ कोटी ८१ लाख १० हजार. हे मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने लिहिलं. तर म्हणतात आज पाच लाख टोकन दिलं तर मॉड्युलर किचन फुकट, ऑफर रात्री आठपर्यंत.

प्रश्न दोन. सॅम्पलमध्ये जे दिसत नाही ते कसं शोधायचं? आणि रेराचा, म्हणजे घरखरेदीच्या कायद्यातला, कार्पेट म्हणजे नक्की माझ्या पायाखालची फरशी का? मुलगा रोज रात्री फोन करतोय.

---

कोथरूडकरीण:

ताई, ड्राय बाल्कनीतल्या त्या स्टुलाला साष्टांग नमस्कार. माझ्या बहिणीकडे अगदी असंच होतं. ताबा मिळाल्यावर तिथे मशीन ठेवलं, मग दारच पूर्ण उघडेना. आता मोलकरीण अंग चोरून आत जाते आणि भांडी घासते. एवढ्या किमतीच्या घरात कपडे वाळतात हॉलच्या बाल्कनीत, सोसायटीची नोटीस येईपर्यंत.

त्या बिनखिडकीच्या खोलीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. कुणी लिहीत नाही.

---

रंधा:

मॅडम, तुमची पोस्ट बायकोने वाचून दाखवली आणि आम्ही दोघं खूप हसलो. मी फर्निचरचा कंत्राटदार. बारा-तेरा सॅम्पल फ्लॅट हातून गेलेत. आता ते काम करत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पलंग चुकून लहान झालेला नाही. ड्रॉइंगमध्येच तसा येतो. गादी वेगळी शिवून घेतात. सोफ्याची बैठक दोन-तीन इंच कमी, डायनिंग टेबल पावणेतीन फूट रुंद, खुर्च्या बिनहाताच्या. सगळंच थोडं थोडं लहान केलं की डोळ्याला कळत नाही, कारण शेजारी तुलनेला खरी वस्तूच नसते. तुमच्या ह्यांनी ती वस्तू आणली, स्वतःची उंची!

खोलीचं माप बरोबर आलं कारण ते लिहिलेलं असतं, त्यात कुणी हात घालत नाही. पण शेडमधल्या भिंती प्लायच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या असतात. बांधकामात ब्लॉक आणि वर प्लास्टर, म्हणजे जाडी वाढते. आतली दारं काढून टाकतात. दार नसलं की ते उघडायची जागा लागत नाही आणि नजर पुढे जाते. आरसा सोफ्यामागे नाही तर पॅसेजच्या टोकाला. दिवे तर विचारू नका, एका हॉलला मी तेवीस लावलेत. आणि बीम! शेडला बीमच नसतो. खऱ्या घरात तो हॉल आणि बेडरूमच्या मधे खाली उतरतो, मग फॉल्स सीलिंग करून झाकायचा, आणि छत आलं खाली.

पुढच्या वेळी गेलात की या चार वस्तू कुठे बसणार ते विचारा: एसीचं बाहेरचं युनिट, गिझर, वॉशिंग मशीनचा नळ, कपडे वाळवायच्या दोऱ्या. सॅम्पलमध्ये या चारही नसतात. सेल्सच्या पोराला उत्तर देता आलं नाही तर मंजूर नकाशा मागा. ब्रोशरमधलं रंगीत चित्र घेऊ नका, त्यातही पलंग छोटाच काढलेला असतो.

तिसरं घर पुन्हा बघा. तिथे जे लहान वाटलं ते खरं माप आहे. रिकामा फ्लॅट असेल त्याच मजल्यावर तर तोही उघडायला लावा. जमिनीवर खडूने तुमचा सहा बाय साडेसहाचा पलंग आखा. तुम्ही बाई आहात, खडू असेलच.

---

खरेदीखत:

कार्पेटचं सांगतो. रेरा कायदा २०१६चा, महाराष्ट्रात तो राबवणारं प्राधिकरण महारेरा, १ मे २०१७पासून. त्यातला कार्पेट म्हणजे घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्रफळ. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (पाइप जातात ती पोकळी), तुमची बाल्कनी आणि टेरेस त्यात धरत नाहीत. पण आतल्या भिंतींची जागा धरतात. तेव्हा मोजपट्टीने फक्त फरशी मोजलीत तर आकडा कमीच येणार, ती लबाडी नव्हे. लबाडी असते 'युजेबल एरिया' नावाच्या शब्दात. कार्पेटमध्ये बाल्कन्या मिळवून मोठा आकडा सांगतात. करारात चौरस मीटर असतात. तुमचे १६४० म्हणजे साधारण १५२.३६. दोन्ही आकडे जुळवून घ्या.

शेवटच्या मोजणीत ३ टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालतं, किंमत त्याप्रमाणे पुन्हा काढतात. ३ टक्के म्हणजे तुमच्या घरात ४९ चौरस फूट, एक बऱ्यापैकी बाथरूम.

टोकनबद्दल. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, कलम १३. पाच लाख त्यात बसतात, म्हणजे मागणं बेकायदा नाही, पण रात्री आठची घाई त्यांची आहे, तुमची नाही. आणि सॅम्पल फ्लॅट थेट कायद्यात आहे: कलम १२. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना घर पाहून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं तर भरपाई. व्यवहारच सोडायचा असेल तर पूर्ण पैसे व्याजासह परत. म्हणून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. भिंतीवर बारीक अक्षरांत 'दाखवलेलं फर्निचर किमतीत समाविष्ट नाही' अशी पाटी असेल, तिचाही काढा. फुकट किचन करारात लिहून देतात का बघा, तोंडी किचनमध्ये पोळी भाजत नाही.

तिसऱ्या घराला भोगवटा प्रमाणपत्र आलंय, म्हणजे जीएसटी शून्य. तुमच्या वहीत ती ओळ कापा. घर एकट्या सुनेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. मुलाचं नाव जोडलं की ती गेली.

---

चौदावा_मजला:

इथे सगळे सॅम्पल फ्लॅटला झोडपतायत म्हणून थोडी दुसरी बाजू. मी चार वर्षं त्याच पट्ट्यात राहतो. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, पण इथे तिला तीन लिफ्ट, खाली सपाट चालायची वाट आणि संध्याकाळी भजनाला बारा बायका मिळाल्या. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर ती घरातच अडकली होती. तेव्हा क्लबहाउसची थट्टा करताना जरा जपून.

पण मेंटेनन्स विचारा. मी महिन्याला १४ हजार भरतो. आणि पाणी. म्हाळुंगे २०२१मध्ये महापालिकेत आलं, पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अजून टँकर येतात. सेल्सवाला सांगणार नाही. शेजारच्या राहत्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, सकाळी साडेसातला.

---

फळा_डस्टर:

सगळ्यांचे आभार. रंधा, खडू खरंच होता.

मंगळवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो, ह्या वेळी रिक्षाने आणि न सांगता. तिसऱ्या इमारतीच्या शेजारी राहती सोसायटी आहे. तिथल्या वॉचमनला ह्यांनी तंबाखू देऊ केली, तर तो म्हणाला सोडलीय, पण बोलला भरपूर. पावणेआठ ते सव्वानऊ तीन टँकर आले. उन्हाळ्यात सात-आठ होतात म्हणे. मी वहीत लिहिलं.

मग वर सातव्या मजल्यावर. सेल्सची मुलगी एकटीच होती, कॉफी नाही, वास नाही, एसीही बंद. शेजारचा रिकामा फ्लॅट उघडायला सांगितला. थोडी का-कू केली, पण उघडला. मास्टर बेडरूममध्ये पलंग आखला, मग कपाट दोन फूट खोल, मग दार उघडल्यावरचं पाव वर्तुळ. पलंगाच्या दोन्ही बाजूंना अडीच फूट उरतात. हे खडूच्या पलंगावर आडवे झाले. पावलं आत. ती मुलगी आधी घाबरली, मग तिने फोटो काढला.

ड्राय बाल्कनीत नळ आहे, खाली पाणी जायला जाळी आहे. मी बादली मागितली, मिळाली नाही, तेव्हा उतार तपासायचा राहिलाय. हॉल आणि खोलीच्या मधे बीम आहे, रंधांनी सांगितला तसाच. ह्यांना आता तो फ्लॅट आवडतो, 'मी पहिल्यापासून म्हणत होतो' वगैरे.

रात्री मुलाला खडूच्या पलंगाचा फोटो पाठवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग सुनेचा आवाज आला, "आई, त्या बिनखिडकीच्या खोलीचं आधी सांगायचंत ना." टँकरचं ऐकून मात्र दोघं गप्प. आठवडाभर विचार करणार आहेत.

चौदावा_मजला, भजनाच्या बायकांचं वाचून ह्यांनी मला विचारलं, तुला तिथे करमेल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि माझी मोजपट्टी पहिल्या ठिकाणी राहिली. त्या कोटवाल्या पोराचा फोन आला होता, "काकू, कधीही या, ठेवलीय. आम्ही तिने सगळं मोजून बघितलं."