हरलो ते मान्य आहे, पण पावती दाखवा
(टिळकवाडी, बेळगाव, सोसायटी ग्रुप)

बी-204 वहिनी: मतदानाचं मशीन हॅक झाल्याचा तो व्हिडिओ ग्रुपवर दुसऱ्यांदा आला. कुठला, कधीचा, पत्ता नाही. खरं काय ते कोणी सांगेल काय?

सी-101 काका: व्हिडिओ सोडा वहिनी. माझं दुखणं वेगळं आहे. लोकसभेला बटण दाबलं की काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते. नंबर, नाव, चिन्ह. मग कापून खाली पडते. 2021 ला मनपाला ते चिठ्ठीचं यंत्रच नव्हतं, नुसता बीप. 58 वॉर्डांचा निकाल त्यावर लागला. आमच्या गल्लीत अजून विचारतात, आपली मतं गेली कुठं?

ए-302: काका, आपण हरलो की मशीन वाईट, असं नको. त्याला ना इंटरनेट, ना वायफाय.

सी-101 काका: हरलो ते मान्य आहे रे बाळा. पण मान्य करायला हातात काहीतरी पाहिजे की. 1996 ला सीमाप्रश्नासाठी इथं लोकसभेला 456 उमेदवार उभे होते, मतपत्रिका वहीएवढी. मोजणीला मी टेबलाजवळ उभा होतो. एकेक शिक्का डोळ्यानं बघितला. हरलेल्यानं पण शंका काढली नाही.

ए-302: सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2024 मध्ये फेटाळली. विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, तेवढंच. आणि 2025 ला आपल्या कर्नाटकच्या मंत्रिमंडळानंच स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्या म्हणून शिफारस केली.

बी-204 वहिनी: मग आपण काय करायचं?

सी-101 काका: उमेदवाराचा एजंट होऊन केंद्रावर बसायचं. विधानसभा-लोकसभेला मतदानाआधी एजंटांसमोर निदान 50 मतं घालून मशीन तपासतात, आकडा पुसून दाखवतात, मग सील. संध्याकाळी 17 सी फॉर्म मिळतो, त्यावर मशीनचा नंबर आणि एकूण मतं. मोजणीला तोच कागद ताडून बघायचा. मागच्या वेळी आमचा एजंट दुपारी जेवायला गेला तो परत आलाच नाही. कागद कुणी घेतला नाही. त्याचा राग मला मशीनपेक्षा जास्त आहे.

बी-204 वहिनी: पुढच्या वेळी माझं नाव घाला. किती वाजता जावं लागतं?

सी-101 काका: मतदान सातला असलं तर साडेपाचला. डबा घरचा न्या, केंद्र सोडू नका.