डायपरसाठी बॉर्डरपार जावं का? (बाझल, स्वित्झर्लंड)

नवीआई: नमस्कार मंडळी. लेक पाच महिन्यांची, 3 नंबरचे पँपर्स, वाइप्स आणि पावडरचं दूध, सगळं महिन्याला 100 फ्रँकच्या आत बसवायचंय. गाडी नाही. जो तो म्हणतो 8 नंबरची ट्राम पकड आणि जर्मनीत वाईल आम ऱ्हाईनला जा. खरंच परवडतं का?

दोन_लेकरांची_आई: परवडतं म्हणजे काय, आमची दोन्ही पोरं तिकडच्याच डायपरवर वाढली. पँपर्सचा हट्ट सोड, डीएम या जर्मन दुकानाचे घरचे ब्रँड, बेबीलव घे. काउंटरवर आठवणीने आउसफूरशाइन (माल देशाबाहेर नेल्याचा कागद) माग, स्विस रहिवासी परमिट जवळ ठेव, येताना जर्मन कस्टमचा शिक्का घे आणि पुढच्या खेपेला कागद दुकानात दिलास की जर्मन व्हॅटचे 19 टक्के परत.

हिशोबी_काका: 19 टक्के नाही हो ताई, ते मूळ किमतीवर. 60 युरोच्या बिलात व्हॅट 9.58, म्हणजे बिलाच्या सोळा टक्केसुद्धा नाही. लोक उगाच फुगवून सांगतात.

दोन_लेकरांची_आई: बरं काका, 9.58. सोडून द्यायचे का मग?

रात्रपाळीचा_बाबा: बिल 50 युरोच्या वर लागतं, 2020 पासून. माझं झालं 49.35. बायको म्हणाली होती एक टूथब्रश टाक, मी म्हटलं घरी आहे की. कॅशियरने नुसती मान हलवली. मग एक पाकीट प्रॅमखाली, दोन काखेत आणि ट्राममध्ये उभा.

गाडीवाला: आम्ही सहा महिन्यांचा स्टॉक एकदाच भरतो, डिकी फुल्ल, 300 फ्रँकपर्यंत कोण विचारतंय. फक्त मागच्या वेळी पोरगा मधेच 4 नंबरला गेला, पाच पाकिटं पडून आहेत, कुणाला हवीत का?

हिशोबी_काका: 300 गेले! 1 जानेवारी 2025 पासून माणशी 150 फ्रँकचाच माल स्विस व्हॅटशिवाय आणता येतो. बाळाचेही धरतात म्हणा. पण वर गेलात तर सगळ्या रकमेवर स्विस व्हॅट, नुसत्या वरच्या पैशांवर नाही.

कोकणकन्या: रविवारी जाऊ नकोस, सगळं बंद. आणि 6 जानेवारीलाही, त्यांना सुट्टी असते, बाझलला नसते. आम्ही थंडीत बाळाला गुंडाळून गेलो आणि बंद शटर बघून परत आलो.

आजीबाई: आमच्या वेळी जुन्या धोतराचे लंगोट होते, शिक्का नाही न काही नाही.

दोन_लेकरांची_आई: काकू, इथे इमारतीत धुण्याची पाळी आठवड्यातून एकदा येते 😀 आणि नवीआई, बिल 50 च्या वर ने.

नवीआई: सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. शिक्क्याच्या रांगेत लेकीने असा सूर लावला की पुढच्या आजोबांनी जागा दिली. 8 युरो 70 सेंट सुटतील, तेही पुन्हा गेले तर. मी काही जात नाही. इथल्याच सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचे डायपर ऑफरला लागले की दोन-दोन पाकिटं उचलणार. दूध आहे तेच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलत नाही. 100 मध्ये बसणार नाही, माहितीये.

रात्रपाळीचा_बाबा: ऑफर कुठे लागलीये?