अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया : यकृताच्या अहवालाबद्दल

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या भाच्याला हा आजार (शरीराचा तोल आणि हालचाली बिघडवणारा दुर्मिळ आनुवंशिक विकार) असून त्याच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगातही वाढू शकणारे एक प्रथिन) आणि यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली आहेत, हा यकृताचा कर्करोग असेल का?

उत्तर १ : एटीएम जनुकातील दोषामुळे होणाऱ्या या आजारात अल्फा-फीटोप्रोटीन बहुतेक रुग्णांमध्ये लहानपणापासूनच वाढलेले असते, त्यामुळे केवळ त्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. एन्झाइम्सकडे मात्र दुर्लक्ष नको, कारण किशोरवयापुढे, अगदी कृश मुलांमध्येही, यकृतात चरबी साठू शकते आणि शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनासे होऊन मधुमेह जडू शकतो. साखर तपासली आहे का?

उत्तर २ : यकृतासाठी आधी सोनोग्राफीच सुचवेन. क्ष-किरणांनी या रुग्णांच्या पेशींना अधिक इजा होते, म्हणून सीटी स्कॅन अपरिहार्य असेल तरच करावा, आणि हे प्रत्येक नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.