कासाब्लांकाची मशीद: परंपरा म्हणे!

तिरसट
परवा इथे एकाने मोरोक्कोतल्या कासाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीचे फोटो टाकले. वर मथळा, "हजार वर्षांच्या परंपरेचा कळस, आता असं कोण बांधतं?" खाली बदामांचा पाऊस. राहवेना म्हणून लिहितोय.
अहो, काम १९८६ला सुरू झालं, १९९३ला मशीद उघडली. इथले निम्मे लोक तिच्यापेक्षा वयाने मोठे असतील. आराखडा मिशेल पिन्सो या फ्रेंच माणसाचा, ठेका फ्रान्सच्याच बुईग कंपनीचा. काँक्रीटचा सांगाडा उभा करायचा, वर नक्षीचा साज चढवायचा आणि नाव परंपरेचं! मिनार २०० मीटरच्या घरातला, टोकावरून मक्केच्या दिशेने लेझर. लेझर! विसर्जनाच्या मिरवणुकीत डोळे जातात, तोच.
परंपरा पाहायची तर मोरोक्कोतल्याच माराकेशची बाराव्या शतकातली कुतुबिया मशीद पाहा.

पायपीट
काका, कुतुबिया "पाहा" म्हणजे रस्त्यावरून पाहा. बिगरमुस्लिमांना आत सोडत नाहीत. कासाब्लांकात तिकीट काढून गाइडबरोबर जाता येतं. मी गेलेय, चपला पिशवीत घालून हातात धरून.
आणि साज साज काय? फेस शहरात झेलिजच्या, म्हणजे रंगीत फरशीच्या तुकड्यांच्या नक्षीच्या, एका कारखान्यात मी तासभर बसले होते. झेलिजवाला मांडी घालून बसतो, रंग देऊन भाजलेली फरशी जड हातोडीने टोकरत पेराएवढे तुकडे काढतो. मग तुकडे उलटे मांडतात, रंग खाली. पाठ सगळ्यांची सारखीच मातकट, कुठला निळा नि कुठला हिरवा ते फक्त त्याच्या डोक्यात. वरून गिलावा ओततात. सुकल्यावर उलटवतात तेव्हा कुठे नक्षी दिसते. कासाब्लांकाला सुमारे १०,००० कारागीर लागले. सांगाडा काँक्रीटचा म्हणून त्यांचे हात फ्रेंच झाले का?

जुनीपाटी
तिरसटराव, राबातचा हसन मनोरा विसरलात. बाराव्या शतकाच्या अखेरीस अल्मोहाद घराण्यातल्या याकूब अल-मन्सूर या राजाने अवाढव्य मशीद काढायला घेतली. ११९९ला तो गेला, काम थांबलं, मनोरा आजही ४४ मीटरवर अर्धवट. तुमची लाडकी कुतुबियाही याच अल्मोहादांनी, आधीच्या अल्मोराविद घराण्याला हरवून, त्यांच्या महालाच्या जागी उठवली. राजाने नावासाठी डोंगराएवढं बांधायचं, हीच तिथली खरी परंपरा. राजा हसन दुसऱ्यालाही साठीला, म्हणजे १९८९ला, कासाब्लांकाची मशीद तयार हवी होती. चार वर्षं लांबली, पण निदान त्याच्या हयातीत पुरी झाली.

तिरसट
आणि पैसा? सव्वा कोटीच्या आसपास लोकांकडून वर्गणी. पावती दिली म्हणे! सक्ती झाली अशी ओरड तेव्हाही होती. आमच्या गल्लीतही वर्गणी "स्वेच्छेनेच" घेतात. एका वर्षी दिली नाही, सकाळी स्कूटरची दोन्ही चाकं बसलेली.

गिलावा
वर्गणी राहू द्या, समुद्राबद्दल कोणी बोलेना. ईश्वराचं सिंहासन पाण्यावर होतं, या कुराणातल्या वचनावरून राजाला मशीद अटलांटिकच्या पाण्यावरच हवी होती. भोगलं काँक्रीटने. दहा-बारा वर्षांत खारं पाणी आत मुरलं, सळ्या गंजल्या. २००५ला दुरुस्ती काढली, स्टेनलेसच्या सळ्या घातल्या. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. बाकी सगळ्या गप्पा.

खाजणकर
आमचीच कथा की ही! रत्नागिरीजवळ घर, अंगणातून दगड मारला तर पाण्यात. बाराव्या वर्षी स्लॅबचा पोपडा थेट आईच्या ताटात. ठेकेदार म्हणे हवेचा दोष. खाडीची वाळू वापरली होती मेल्याने. पडलेला तुकडा मी चाटून पाहिला, खारट!

गिलावा
चाटून? प्रयोगशाळा बंद करायला हव्यात. सळईवर काँक्रीटचं कव्हर किती जाड होतं ते सांगा.

खाजणकर
कव्हर मालकाने मोजायचं? मग तुम्ही इंजिनियर फी कशाची घेता?

गिलावा
सगळ्यात स्वस्त ठेकेदार मालकच शोधतो. तीस वर्षं पाहतोय. फरशी इटालियन हवी, सिमेंटच्या गोणीवर घासाघीस.

खाजणकर
वडिलांचा पीएफ गेला त्या घरात. इटालियन फरशी आम्ही बापजन्मात पाहिली नाही. तोंड सांभाळा.

पायपीट
मशिदीवर या हो कुणीतरी.

जुनीपाटी
येतो. आजोबांचं जांभ्याचं घर नव्वद वर्षं उभं आहे. सळईच नाही, गंजणार काय? कुतुबियाही तशीच, नुसतं दगडविटांचं काम. इथे तिरसटरावांचं बरोबर आहे, हे लिहिताना हात कापतोय.

गिलावा
आणि भूकंप आला की? सप्टेंबर २०२३च्या भूकंपात मोरोक्कोच्या अॅटलस डोंगरातली तिनमेलची मशीद बरीचशी ढासळली. तीही अल्मोहादांचीच, बाराव्या शतकातली, बिनसळईची. कुतुबिया वाचली. दगड चांगला नि लोखंड वाईट, इतकं सोपं असतं तर मी घरी बसलो असतो.
खाजणकर, पीएफचं माहीत नव्हतं. वाळूबद्दल तुमचं खरंही असेल.

तिरसट
बरं, कारागिरांपुरतं मान्य. पायपीटताई, ते उलटं मांडणं मला माहीत नव्हतं. "हजार वर्षांचा कळस" अजूनही अमान्य. लेझर तर मेलो तरी नाही.

खाजणकर
गिलावासाहेब, मागचं सोडा. स्टेनलेसची सळई कितीला पडते हो? माजघरातही आता तडा दिसतोय.

गिलावा
आधी फोटो टाका. आणि हातोडीने हळू ठोकून बघा, पोकळ वाजतंय का. आईंना तिथे जेवायला बसवू नका.